चूल, खोली आणि पाटीवरचे नाव

मराठी कादंबरी-नाटकांवरील समीक्षा वाचताना एक विधान आम्हांला वारंवार भेटते : औद्योगिकीकरण आणि शहरीकरण यांमुळे एकत्र कुटुंबपद्धती मोडकळीस आली व तिच्या जागी विभक्त कुटुंब आले. पदवीच्या उत्तरपत्रिकांत ते असते, मार्गदर्शकांत असते, जाडजूड प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणातही असते. विधान सर्वस्वी खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र त्यात एक भूतकाळ न तपासता गृहीत धरलेला आहे आणि एक निवाडाही दडलेला आहे. घर 'मोडले' म्हटले की मोडणारा कोणीतरी अपराधी लागतो. आणि मराठी घरात तो अपराध बहुधा सुनेच्या पदरात पडतो, तिच्यानंतर परगावी गेलेल्या मुलाच्या. म्हणून हे विधान एकदा इतिहासाच्या उजेडात धरून पाहावे, असे आम्हांला वाटते. त्यासाठी पुण्याजवळच्या लोणीकंदपासून गिरणगावातल्या खोलीपर्यंत आणि तेथून मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीपर्यंत जावे लागेल.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर लगेचच टॉमस कोट्स या इंग्रज शस्त्रवैद्याने लोणी या गावाची बारकाईने पाहणी केली. ती १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत छापली गेली. या आयत्या आधारावर पुढे डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा सव्वाशे वर्षांनंतरचा अभ्यास केला व १९६० मध्ये तो पुस्तकरूपाने आणला. पॉलिन कोलेंडा या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १८१९, १९५८ आणि १९६७ या तीन काळांतील लोणीकंदची कुटुंबे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. १८१९ मध्येही गावातील बहुसंख्य कुटुंबे लहानच होती, असे त्यांना आढळले. गुजरातेत अ. म. शाह यांनी राधवाणज गावाच्या १८२५ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांनाही जुने गाव म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबांचा समूह हे चित्र दिसले नाही. गिरण्यांचे भोंगे वाजू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

याचे कारण कोणाच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही, ते मृत्यूच्या हिशेबात सापडते. १९५१ च्या सुमारासही भारतातील सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. या आकड्यात बालमृत्यूंचा मोठा वाटा आहे हे खरे. तरीही आजा, बाप आणि मिसरूड फुटलेला नातू हे तिघे एका छपराखाली दीर्घकाळ नांदणे हा त्या काळी नित्याचा अनुभव असणे कठीण होते. तीन पिढ्या एकत्र येत, पण त्यांतली एक बहुधा पाळण्यात असे आणि दुसरी लवकरच निरोप घेई. एकत्र कुटुंब हा आदर्श होता, प्रतिष्ठित व भूमिधारक घरांत तो पुष्कळदा वास्तवही होता. पण सर्वांच्या वाट्याला येईल इतके आयुष्यच कमी होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या लक्षणांत एक छप्पर, एक चूल आणि सामायिक मालमत्ता यांना स्थान दिले. त्यानंतर काही वर्षांतच आय. पी. देसाई यांनी भर दिला तो परस्परांवरील हक्कांवर आणि कर्तव्यांवर : दोन भाऊ दोन गावी राहत असतील, पण पैसा, लग्नकार्य, आजारपण आणि निर्णय सामायिक असतील तर त्यांना विभक्त कसे म्हणावे? शाह यांनी पुढे 'कुटुंब' आणि 'घर' हे दोन शब्दच वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. शिरगणती मोजते ती चूल. एका स्वयंपाकात जेवणारी माणसे म्हणजे एक घर. नाते मात्र एका चुलीत मावत नाही. मराठी भाषेला हे पूर्वीपासून ठाऊक असावे. घर, चूल, बिऱ्हाड, खटले, भाऊबंदकी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. 'वेगळी चूल मांडली' या शब्दप्रयोगात तर स्वयंपाक वेगळा झाल्याचीच नोंद आहे. नाते तुटल्याचा उल्लेख नाही.

'विभक्त' हा शब्दही मुळात भावनेचा नाही, कायद्याचा आहे. हिंदू कायद्यात अविभक्त म्हणजे ज्यांच्या मालमत्तेची वाटणी झालेली नाही ते, आणि विभक्त म्हणजे ती झालेले. सामायिक खर्चाने शिकलेल्या मुलाने शहरात जाऊन मिळवलेला पगार कोणाचा, त्याचा की घराचा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी न्यायालयांना खरोखरच सोडवावा लागत होता. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये विद्यार्जित धनाविषयीचा कायदा झाला आणि शिक्षणाने मिळवलेली कमाई मिळवणाऱ्याची स्वतःची ठरली. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाला ज्या कायद्याने कागदावर मोकळे केले, त्याचा आपल्या वाङ्मयेतिहासात उल्लेखही सापडू नये, याचे नवल वाटते.

आता हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' कडे वळू. १८९० च्या दशकाच्या आरंभी 'करमणूक'मधून क्रमशः आलेल्या या कादंबरीत यमूला जे थोडेसे सुख मिळते ते मुंबईच्या बिऱ्हाडात. पुण्याचे सासर सुटते, नवऱ्याशी मोकळेपणाने बोलता येते, वाचन होते, समविचारी स्नेह्यांची सोबत लाभते. एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाची वेदना शोधू पाहणाऱ्या समीक्षकाला येथे उलटाच प्रत्यय येतो : वेगळे बिऱ्हाड हीच सुटका आहे. पण खरा पेच पुढे आहे. नवरा वारताच ते बिऱ्हाड नाहीसे होते आणि यमूला सासरच्या घरी, केशवपनाच्या दिशेने परतावे लागते. खोली तिची कधीच नव्हती. सामायिक मालमत्तेत हिंदू विधवेला मर्यादित का होईना, वाटा देणारा कायदा १९३७ चा. पूर्ण मालकी मान्य करणारा १९५६ चा. घर मोठे की लहान हा यमूच्या दुःखाचा कणा नाहीच. जेथे ती राहते तेथे राहण्याचा हक्क तिला कोणाच्या मार्फत मिळाला आहे, आणि तो मध्यस्थ गेल्यावर तिला कोण कोठे धाडू शकते, हा तिचा प्रश्न आहे. आमच्या मते घराच्या इतिहासाला विचारायचा प्रश्नही हाच. तोच घेऊन आपण मुंबईत उतरू.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला व त्याने चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात विकास खात्याने, म्हणजे लोकांच्या तोंडी बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. १९२१ च्या शिरगणतीत शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. १९३१ मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश मुंबईकर एका खोलीत राहत होते. या दोन आकड्यांत गिरणी कामगाराच्या कुटुंबाचा नकाशा आहे. त्याचे घर दोन ठिकाणी होते. तरुण आणि कमावते पुरुष मुंबईच्या गाळ्यात व खाणावळीत. बायको, लहान मुले आणि म्हातारे आईबाप रत्नागिरी-साताऱ्याच्या गावी. मनीऑर्डर ही त्या दोन चुलींमधली दोरी. गात्रे थकली की तो पुरुष गावी परते आणि त्याच्या जागी मुलगा किंवा पुतण्या येई. वयाच्या प्रत्येक टप्प्याला राहण्याची एक निराळी जागा ठरलेली होती. शिरगणतीदाराला मुंबईत एकटी माणसे दिसली, गावात पुरुषाविना घरे दिसली. कुटुंब मात्र अविभक्तच होते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे दोन कागदांनी हा नकाशा बदलला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि शिधापत्रिकेवर कोणाची नावे आहेत याला महत्त्व आले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा दर्जा दिला. १९९९ च्या कायद्यातही हे तत्त्व टिकले. परिणाम विलक्षण झाला. 'सोबत राहणे' हाच हक्काचा पुरावा ठरला. खोलीतून निघून जाणारा भाऊ हक्क गमावणार, म्हणून तो निघेना; निघाला तरी शिधापत्रिकेवरचे नाव काढेना. मुंबईतील खोल्यांत एकत्र कुटुंब टिकले त्यात माया होती, जागेची टंचाई होती आणि या कलमाचाही मोठा हात होता. शहराने एकत्र कुटुंब मोडले म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की, याच शहराच्या कायद्याने ते पुष्कळदा बांधूनही ठेवले.

या बांधलेपणाचा हसरा चेहरा राजा ठाकूर यांच्या १९७० च्या 'मुंबईचा जावई'मध्ये दिसतो. नवविवाहित जोडप्याला भरल्या घरात एकांत मिळू नये, एवढ्याच गोष्टीवर तो चित्रपट उभा आहे. पुढे १९७२ मध्ये त्यावरून 'पिया का घर' हा हिंदी चित्रपटही निघाला. त्याचा दुसरा चेहरा जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, त्यानंतरचे गिरणगाव, एक खोली, आई आणि तिची वाढलेली मुले. या नाटकातील दाहकता केवळ बेकारीची नाही. प्रौढ झालेल्या माणसांना प्रौढपणे जगण्यासाठी लागणारी जागा नाही, ही तिची दुसरी बाजू. वय वाढते, खोली तेवढीच राहते. जुन्या व्यवस्थेत म्हातारपणी गावी परतण्याचा आणि तरुणपणी गिरणीत शिरण्याचा जो रहाट होता तो थांबला, आणि सगळी वये एकाच चौकटीत अडकली.

या अडकलेपणातून बाहेर पडण्याची एक वाट पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे जात होती. दहिसर आणि भाईंदर यांच्या मधले मीरा रोड हे स्थानक. सभोवती मिठागरे, भातखाचरे, खाडी आणि आगरी-कोळी व ख्रिस्ती वस्तीची जुनी गावे. १९८५ मध्ये येथे मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ ला शहराची लोकसंख्या पावणेदोन लाख होती; २००१ ला ती पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ ला आठ लाखांवर गेली. शांतिनगर, नया नगर, पूनम सागर ही स्थानकाच्या पूर्वेची नावे या विस्तारात उमटली. दक्षिण व मध्य मुंबईतील खोली विकून किंवा भावाच्या नावे सोडून माणसे येथे आली; १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून निघालेली मुस्लिम कुटुंबेही या पट्ट्यात स्थिरावली. पाण्याची ददात, गाडीची गर्दी हे सगळे पत्करून त्यांनी मिळवले काय? मालकी. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा सदनिका मालकीचा कायदा यांच्या आधाराने 'भाडेकरू' हा शब्द मागे पडला आणि 'सभासद' हा आला. खोलीच्या दारावरची खडूने लिहिलेली आडनावे जाऊन इमारतीच्या तळमजल्यावर नावांची पाटी लागली.

या पाटीवर प्रत्येक सदनिकेसमोर एक नाव असते, फार तर दोन. आत राहणारी माणसे त्याहून अधिक असतात. हॉल, बेडरूम, किचन अशा जागेत आज कोण कोण असते? पूनम सागरसारख्या वसाहतीत पंचाहत्तरी ओलांडलेली आजी, पंचावन्न-साठीचे मुलगा-सून आणि पंचविशी-तिशीची नातवंडे असे घर मुळीच दुर्मीळ नाही. यात मूल एकही नाही. सगळी प्रौढ माणसे आहेत. लोणीकंदमध्ये जे आयुष्याच्या तोकडेपणामुळे क्वचित घडत असे ते येथे सहज घडते आहे : तीन प्रौढ पिढ्यांचे दीर्घकाळचे एकत्र राहणे. भारतातील आयुर्मान आता सत्तरीच्या आसपास आहे आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका खाली आलेला दिसतो. मुले थोडी झाली, लग्ने लांबली, म्हातारपण वाढले. घर माणसांच्या संख्येने लहान दिसत असेल, पण वयांच्या दृष्टीने ते पूर्वी कधी नव्हते इतके एकत्र आहे. त्याला 'विभक्त' म्हणणे म्हणजे केवळ सवयीने बोलणे होय.

अशा घरात सत्तांतर होते ते बेडरूमच्या दारातून. मुलाचे लग्न ठरले की आईवडील आपली गादी हॉलमध्ये आणतात. कोणत्याही धर्मशास्त्रात हा संस्कार सांगितलेला नाही, कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नाही, पण घरातील कर्तेपण कोणाकडून कोणाकडे गेले हे त्या दिवशी सर्वांना कळते. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाला सर्वांच्या नंतर झोपावे लागते आणि सर्वांच्या आधी उठावे लागते. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्याच हॉलमध्ये नातवाची कचेरीही येऊन बसली. जवळच दुसरी सदनिका घेणे ज्यांना साधले त्यांनी आईवडिलांना शेजारच्या इमारतीत ठेवले. डबा इकडून तिकडे जातो. शिरगणती येथे दोन घरे मोजील, देसाई एक कुटुंब म्हणतील. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

मात्र पाटीवरच्या नावाचा प्रश्न सुटलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला. पण मीरा रोडची सदनिका ही बहुधा वडिलोपार्जित नसते. ती कर्ज काढून घेतलेली स्वकष्टार्जित वस्तू असते आणि मालक हयात असेतो तिच्यावर मुलांचा जन्मसिद्ध हक्क नसतो. २००५ च्याच कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा आणि अटीवर बक्षीसपत्राने दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, परत मिळवण्याचा मार्ग दिला. एकाच हॉलमध्ये सासू आणि सून असे दोन निराळे कायदे हाती घेऊन समोरासमोर येऊ शकतात. आणि तशा आल्याही. ज्येष्ठांसाठीचा कायदा वापरून सुनेचा निवाऱ्याचा हक्क सरसकट पुसता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२० मध्ये सांगावे लागले. त्याच न्यायालयाने १९८७ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात, विवाहित मुलीवरही बापाच्या निर्वाहाची जबाबदारी असते असा निर्णय दिला होता. मुलीच्या घरचे पाणीही न पिणाऱ्या आईबापांच्या समाजात हा मोठा बदल होता. आज एकुलत्या मुलीच्या घरी राहणारी आई कोणाला फारशी खटकत नाही.

या सगळ्यानंतर 'वाडा चिरेबंदी' पुन्हा उघडून पाहावे. महेश एलकुंचवारांच्या या नाटकातील देशपांडे घराण्यात दादी आहे, आई आहे, भास्कर आणि वहिनी आहेत, अविवाहित प्रभा व चंदू आहेत, मुंबईहून आलेला सुधीर आहे. हे एकत्र कुटुंबाच्या अंताचे नाटक म्हणून शिकवले जाते. पण सुधीर वाड्यात राहत नसूनही वाटणीत आहे, आणि प्रभा जन्मभर वाड्यात राहूनही कशाचीच मालकीण नाही. शिकण्याची तिची इच्छा याच अविभक्त घराने खुडली. चंदू घरासाठी राबतो आणि त्याचे मत कोणी विचारत नाही. वाडा चिरेबंदी होता तेव्हाही त्यातील निम्म्या प्रौढ माणसांना प्रौढ मानले जात नव्हते, हे त्या नाटकात लख्ख लिहिलेले आहे. 'ऱ्हास' या शब्दाच्या सावलीत ते दिसेनासे होते. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील वृद्ध दांपत्याची गोष्ट याच्या नेमकी उलट बाजूची. नाना-नानींपाशी घर आहे, नाव आहे, हक्क आहे, सोबत नाही. घराच्या मालकीने एकाकीपण भागत नाही, आणि सोबतीने पराधीनता भागत नाही. दोन्ही नाटके एकाच 'विघटना'च्या खात्यावर मांडली तर दोन्हींवर अन्याय होतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एखाद्या कलाकृतीतील कुटुंब एकत्र की विभक्त हे ठरवण्याआधी आपण काही गोष्टी विचाराव्यात. चुली किती आहेत? खोली कोणाच्या नावावर आहे? तेथे राहणारे प्रत्येक माणूस कोणाच्या मार्फत राहते? कोणत्या वयाला कोणी कोठे झोपते? आणि उद्या भांडण झाले तर पिशवी भरून बाहेर पडावे लागेल ते कोणाला? यमूसाठी, 'अधांतर'मधल्या आईसाठी, प्रभासाठी या प्रश्नांची उत्तरे निरनिराळी येतात, आणि त्या निरनिराळेपणातच त्या कलाकृती आहेत. पूनम सागरमधल्या आजीसाठी, तिच्या सुनेसाठी आणि नोकरी करणाऱ्या अविवाहित नातीसाठीही ती वेगळीच येतील. त्यांच्यावरचे मराठी नाटक लिहिले जाईल तेव्हा, त्यातल्या सुनेला दोषी ठरवण्यापूर्वी, समीक्षकाने तळमजल्यावरची पाटी वाचून यावे, इतकीच अपेक्षा.